जुन्या जीपला एसी बसवताना : प्रस्तावना

नाशिकमध्ये जुन्या जीपचा विषय निघाला की लोक आधी इंजिन कुठलं ते विचारतात आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : हिला एसी बसतो का? ही पुस्तिका त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिली आहे. बसतो. महिंद्राच्या एमएम ५४० ला बसतो, क्लासिकला बसतो, कमांडरला बसतो, पहिल्या पिढीतल्या थारच्या डीआय मॉडेललाही बसतो. पण बसवलेला एसी मे महिन्यात भर दुपारी मालेगावच्या रस्त्यावर गार हवा देतो का, आणि ती देत असताना इंजिनाच्या तापमानाचा काटा जागेवर राहतो का, हा प्रश्न निराळा आहे. या पुस्तिकेची बहुतेक पानं त्यावर खर्ची पडली आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुन्या जीपच्या एसीचं काम गॅस भरण्याने संपतं, त्याने सुरू होत नाही. आधी इंजिनाची उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था, मग वीज, मग गाडीच्या फटी आणि त्यानंतर कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल. ज्यांनी आधी किट विकत आणला आणि मग गाडीकडे पाहिलं, त्यांना एकाच कामाचे पैसे दोनदा मोजावे लागलेले मी पाहिले आहेत. दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. जे बसवाल ते उद्या बोल्ट सोडून उतरवता आलं पाहिजे. या गाड्या आता कोणी नव्याने बनवणार नाही. डॅशबोर्डचा सपाट पत्रा एकदा कापला की तो कापलाच.

हे सगळं नाशिकमध्ये बसून लिहिण्याला कारण आहे. सातपूरचा महिंद्राचा कारखाना १९८० च्या दशकापासून या शहराच्या पोटापाण्याचा भाग आहे. बोलेरो, २००२ साली आलेली स्कॉर्पिओ आणि २०२० ची थार इथे तयार झाल्या. इंजिनांचा कारखाना इगतपुरीला. या कारखान्यांच्या आजूबाजूला सातपूर आणि अंबडमध्ये सुट्या भागांची, लेथची, प्रेसची, वेल्डिंगची शेकडो छोटी वर्कशॉप उभी राहिली. त्यामुळे दुसऱ्या गावात ज्या ब्रॅकेटसाठी माणूस आठवडाभर हिंडेल, ते इथे कागदावर माप काढून दिलं की संध्याकाळपर्यंत हातात पडतं. दुसरीकडे गाड्याही इथे टिकून राहिल्या. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदारांनी शेतावरच्या जीपा सहसा विकल्या नाहीत. पेठ, सुरगाणा, कळवणच्या रस्त्यांवर कमांडरने काळी-पिवळी म्हणून माणसं वाहिली. देवळाली आणि नाशिकरोडला तोफखान्याचा मोठा तळ, त्यामुळे लष्करी जीपची ओळख आणि ओढ या शहराला पिढ्यान्‌पिढ्या आहे.

जीपचा आणि मोटारीतल्या एसीचा जन्म एकाच देशात, वर्षभराच्या अंतराने झाला. पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस १९४० च्या मॉडेलमध्ये एसी देऊ केला. त्याची कॉइल मागच्या सीटमागे होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन बंद करायचं, बोनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. सप्टेंबर १९४० मध्ये बँटम कंपनीने अमेरिकी लष्कराला पहिली नमुना जीप नेऊन दिली. पुढे विलीज आणि फोर्डने ती लाखोंनी बनवली. पॅकार्डमध्ये बसणाऱ्याला बाहेरची हवा नको होती. जीपमध्ये बाहेरच्या हवेवाचून दुसरं काहीच नव्हतं : दारं नाहीत, छप्पर कापडी, पुढची काच बोनेटवर आडवी करता येणारी. सैनिकाला चटकन उडी मारता यावी, चारही बाजूंना दिसावं, पाणी शिरलं तर वाहून जावं, अशी ती गाडी होती. आज आपण या दोन गोष्टी एकत्र आणायला बघतो, तेव्हा त्या गाडीच्या मूळ रचनेच्या उलट दिशेने चाललेलो असतो. हे ध्यानात ठेवलं तर पुढची प्रत्येक अडचण कुठून येते ते कळतं.

भारतात ही गाडी आली ती महिंद्रांमुळे. के. सी. महिंद्रा युद्धकाळात अमेरिकेत होते, विलीजचे अभियंते बार्नी रूस यांच्याशी त्यांची ओळख झाली, आणि १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीने स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे उंच बोनेटची सीजे ३बी आली. हरिकेन पेट्रोल इंजिन उभं मावावं म्हणून तिचं बोनेट उंच केलं होतं. तीच आपल्याकडे दशकानुदशकं बनत राहिली आणि सरकारी अधिकारी, पोलीस, डॉक्टर, पुढारी सगळ्यांनी वापरली. मग डिझेल आलं. प्यूजोच्या परवान्यावरचं २,११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन, ताकद ६२ अश्वशक्ती. एमएम ५४० मध्ये हेच होतं. नंतर २,५२३ सीसीचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन आलं, ते पहिल्या थारच्या डीआय मॉडेलपर्यंत पोचलं. नाशिकच्या रस्त्यावर आज जी जुनी जीप भेटते तिच्यात बहुतेक वेळा या दोन डिझेल घराण्यांपैकी एक इंजिन असतं, आणि या पुस्तिकेतली मापं, पुल्या, ब्रॅकेट त्यांनाच धरून दिली आहेत. पेट्रोलच्या हरिकेनबद्दल एक छोटं प्रकरण आहे. त्यात मी एसी बसवू नका असंच सांगितलं आहे. कारणं पुढे येतील.

नाशिकला एसीची गरज काय, असं जुने नाशिककर विचारतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, गोदावरीचा काठ, रात्री गार पडणारी हवा ही या शहराची ख्याती. रात्री अजूनही बऱ्या असतात. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो, येवला-मालेगावकडे तो त्याच्याही वर जातो, आणि डांबरी रस्त्यावर जीपमध्ये बसलेल्या माणसाला खालून गिअरबॉक्सची, समोरून इंजिनाची आणि वरून पत्र्याची धग एकाच वेळी लागते. तरण्या माणसाला ते चालतं. घरच्या म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना चालत नाही. मग जीप घरी उभी राहते, कुटुंब दुसऱ्या गाडीने जातं, आणि उभी राहिलेली जीप दोन वर्षांत विकली जाते. माझ्या माहितीतल्या कित्येक चांगल्या गाड्या गंजून नाही, अशाच गेल्या. जीपला एसी म्हणजे तिचा अपमान, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांना माझं हे एवढंच उत्तर आहे : गाडी चालती राहिली तर जीप राहते.

उन्हाळ्याइतकंच मोठं दुसरं कारण पावसाळ्याचं आहे, आणि ते फार कमी लोक सांगतात. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस. तासाभराच्या अंतरावरच्या इगतपुरीला तीन हजारांच्या पुढे. जुलैमध्ये त्र्यंबकहून घोटीकडे बंद जीपमधून जाताना काचेवर आतून वाफ धरते. जुन्या जीपला डिमिस्टर नाही. एका हाताने फडकं फिरवत दुसऱ्या हाताने धुक्यातला घाट चढायचा, हे आपण इतकी वर्षं केलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. एसीची कॉइल हवेतलं पाणी आधी काढून घेते आणि मग ती हवा आत सोडते. तिचा एक झोत काचेच्या बुडाशी वळवला तर मिनिटा-दोन मिनिटांत काच स्वच्छ होते. म्हणून या पुस्तिकेत काचेकडे जाणारी नळी ऐच्छिक म्हणून सांगितलेली नाही. तोंडावरचा एक झोत कमी झाला तरी चालेल, काचेचा झोत हवाच.

आता मूळ कामाकडे. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या मागे बसतो, आणि सगळी दुखणी तिथून सुरू होतात. हिशेब साधा आहे. छोट्या गाडीच्या एसीची ताकद एक टनाच्या आसपास, म्हणजे साडेतीन किलोवॉट धरा. केबिनमधून एवढी उष्णता उचलायला कॉम्प्रेसर स्वतः दीड-दोन किलोवॉट खातो. दोन्ही मिळून पाच-साडेपाच किलोवॉट उष्णता कंडेन्सरमधून बाहेर पडते, आणि ती पडते रेडिएटरच्या तोंडावर. म्हणजे ज्या रेडिएटरला काल चाळीस अंशांची हवा मिळत होती त्याला आज त्याहून बरीच गरम हवा मिळते, तीही कमी, कारण मध्ये एक जाळी आणखी उभी राहिली. जीपच्या तोंडाला अरुंद उभ्या फटी आहेत. आजच्या गाडीसारखं रुंद तोंड नाही. तीस वर्षांत रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षाराने भरलेल्या असतील, तर जी गाडी एसीशिवाय कशीबशी तोल सांभाळून होती ती पहिल्याच चढाला पाणी फेकते.

म्हणून पहिलं काम रेडिएटर. तो उतरवून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांतला क्षार सळीने काढून घ्या. कोअर गेला असेल तर एक रांग जास्त असलेला तांब्या-पितळेचा नवा कोअर टाका. वॉटर बॉडीचा, म्हणजे पाण्याच्या पंपाचा, पंखा आणि बेअरिंग तपासा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती सोडा. थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन थंडीत कधीच नीट तापत नाही. रेडिएटरचं झाकण योग्य दाबाचं असू द्या, कारण दर पौंड दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. आणि पंख्याभोवतीचं कव्हर, ज्याला फिटर श्राउड म्हणतात, ते शोधून बसवाच. जुन्या जीपमध्ये ते बहुधा कधीच हरवलेलं असतं आणि कोणाला त्याची आठवणही नसते. त्याच्याविना पंखा आपलीच गरम हवा गोल फिरवत बसतो. कव्हर असलं की तो सगळी हवा जाळीतून ओढतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर अंतर ठेवा, पण कडेच्या फटी रबराने बंद करा, नाहीतर इंजिनाची गरम हवा बाजूने वळसा घालून पुन्हा पुढे येते. हे सगळं झाल्यावर, एसी बसवण्याआधी, गाडी एकदा भर उन्हात कसारा घाटातून वर आणा. काटा हलला तर अजून काम बाकी आहे. एसीचा एकही भाग तोवर विकत घेऊ नका.

कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटवर मी एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे, आणि काहींना ते लांबलेलं वाटेल. पण जुन्या डिझेल जीपमधले एसी गॅस गळून जितके बंद पडतात, त्याहून जास्त ब्रॅकेट तडकून पडतात. आयडलवर उभ्या असलेल्या एमएम ५४० चं बोनेट उघडून पाहा. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर डावी-उजवीकडे हलतं. चेसिस स्थिर असते. आता कॉम्प्रेसर चेसिसला बांधलेला असेल, आणि असे बांधलेले मी पाहिले आहेत, तर क्रँकची पुली हलते आणि कॉम्प्रेसरची हलत नाही. पट्टा दर सेकंदाला ताणतो, सैल होतो, पुन्हा ताणतो. आठवडाभरात त्याच्या कडा झिजून काळी भुकटी पडते, महिन्याभरात तो तुटतो. म्हणून कॉम्प्रेसर इंजिनाच्या ब्लॉकलाच बांधायचा, ब्लॉकवर आधीपासून असलेल्या आट्यांच्या भोकांत. प्लेट दहा-बारा मिलिमीटरची, आणि जिथे ती काटकोनात वळते तिथे त्रिकोणी आधारपट्टी वेल्ड केलेली. पातळ प्लेट पहिल्या दिवशी सारखीच दिसते. तडा जातो तो वेल्डच्या शेजारच्या केसाएवढ्या रेषेपासून, आणि ती रेष ग्रीस पुसल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी टेकवून बघा. एक मिलिमीटरचा फरकही पट्टा खातो. हेच कारण नळ्यांनाही लागू आहे. कॉम्प्रेसर हलणार, कंडेन्सर स्थिर राहणार, म्हणून दोघांमधली नळी रबरी आणि थोडी सैल हवी, आणि ती चेसिसवर घासणार नाही अशी बांधलेली हवी.

कॉम्प्रेसर चालू झाला की इंजिनावर दोन ते चार अश्वशक्तीचा भार येतो. ६२ अश्वशक्तीच्या इंजिनाला पळताना तो जाणवत नाही, सिग्नलला उभं असताना जाणवतो. आयडल खाली येतं आणि गाडी थरथरते. त्याला आयडल थोडं वर नेणारा व्हॅक्युम अ‍ॅक्च्युएटर पुरतो. त्याच्याबरोबर एक तापमानाचा स्विच जरूर लावा, म्हणजे पाणी १०५ अंशांच्या वर गेलं की कॉम्प्रेसरचा क्लच आपोआप सुटेल. गार हवेच्या नादात हेड गॅसकेट उडवणं कोणाच्याच फायद्याचं नाही.

विजेबद्दल थोडक्यात. पावसाळी रात्रीची बेरीज करा : हेडलाइट दहा अँपिअर, वायपर चार, ब्लोअर बारा, क्लच चार, कंडेन्सरचा पंखा दहा. चाळीस झाले. जुन्या जीपचा मूळ अल्टरनेटर पस्तीसच्या आसपासचा, तोही आयडलवर त्याच्या निम्मा देतो, आणि फार जुन्या गाडीत तर डायनॅमोच असतो. साठ-पासष्ट अँपिअरचा अल्टरनेटर आणि प्रत्येक मोठ्या भारासाठी स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज, एवढं केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ब्लोअरची वायर जुन्या इग्निशन स्विचला जोडणारा इलेक्ट्रिशियन कितीही ओळखीचा असला तरी त्याला नम्रपणे नाही म्हणा. जुन्या गाड्यांना आगी अशाच लागतात.

फटींचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त फळ देणारं. ढोबळ हिशेबाने, दाराच्या कडेला अर्धा सेंटिमीटर रुंद आणि दोन फूट लांब फट असेल तर ताशी साठच्या वेगाला तिच्यातून तासाला सुमारे शंभर घनमीटर हवा आत शिरते. चाळीस अंशांची ती हवा पंचविसावर आणायला जवळजवळ अर्धा किलोवॉट लागतो. अशा चार फटी असल्या की निम्म्याहून जास्त एसी फक्त फटींसाठी चालतो. जीपमध्ये त्या चारांवर थांबत नाहीत. गिअरचा दांडा, ट्रान्स्फरचा दांडा, पेडलची भोकं, वायरी आत येतात ती भोकं, मागच्या दाराची कड, काचेच्या चौकटीचा खालचा सांधा. रात्री गाडीत दिवा लावून बाहेरून पाहिलं की एकेक फट उजेडाने सापडते. दांड्यांचे रबरी बूट नवे घाला. इंजिन आणि केबिनमधला पत्रा, जमीन आणि छत यांना आतून बंद पेशींचं नायट्रिल रबर चिकटवा; उघडा फोम लावू नका, तो पाणी पितो आणि त्याच्यामागे पत्रा सडतो.

कापडी हूड असलेल्यांनी मनाची तयारी ठेवावी. ताडपत्रीच्या हुडात केबिन गार होत नाही. अंगावर गार झोत येतो, एवढंच. तेवढ्यावर समाधान असेल तर झोत नीट वळवा आणि मोठ्या कॉइलवर पैसे घालू नका. हार्ड टॉप असेल तर खरा गारवा मिळतो. मुख्य युनिट मी डॅशखाली लटकवायला सांगतो, अमेरिकेत साठच्या दशकात गाड्यांना लावत तसं. पायांची जागा थोडी जाते. डॅशबोर्ड मात्र शाबूत राहतो.

मग गॅस. आधी नायट्रोजनने दाब देऊन गळती बघायची, मग व्हॅक्युम. आपल्याकडे व्हॅक्युम दहा मिनिटं मारतात आणि लगेच गॅस सोडतात. व्हॅक्युमचं काम फक्त हवा काढणं नाही. दाब खूप खाली गेला की नळ्यांतला ओलावा साध्या तापमानाला उकळून वाफ होतो आणि पंप ती ओढून घेतो. याला वेळ लागतो, किमान अर्धा-पाऊण तास. ओलावा राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो, आणि मग एसी वीस मिनिटं गार, दहा मिनिटं गरम असा चालतो. पंप बंद केल्यावर काटा अर्धा तास जागेवर राहिला पाहिजे. फिटर घाई करत असला तरी आपण तिथे उभं राहून तो काटा पाहावा. त्या अर्ध्या तासावर पुढची पाच वर्षं अवलंबून असतात.

गॅस आर-१३४ए असावा, वजनाने मोजून भरलेला. जुन्या गाड्यांतून काढलेले आर-१२ चे कॉम्प्रेसर स्वस्त मिळतात, घेऊ नका. ओझोन थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार भारताने त्या घराण्यातल्या वायूंचं उत्पादन २००८ मध्ये थांबवलं, आणि त्यांचं तेलही १३४ए ला चालत नाही. १३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. त्यामुळे जुना गॅस हवेत सोडून द्यायचा नसतो, यंत्राने परत ओढून घ्यायचा असतो. आणि 'यानेही गार होतं' म्हणत जो स्वस्त ज्वालाग्राही गॅस भरून देतो त्याच्या दुकानात पाय ठेवू नका. कॉइल फुटली तर तो गॅस बंद केबिनमध्ये, माणसांच्या मांडीवर येतो.

आता हरिकेन आणि विलीजबद्दल. चाळीस-पन्नासच्या दशकातली, मूळ इंजिन आणि मूळ पत्रा टिकलेली जीप तुमच्याकडे असेल तर तिला एसीचा हात लावू नका. तिची वीज, तिचा पंखा, तिचं तोंड, काहीच यासाठी नाही. सगळं बदलावं लागेल आणि बदलल्यावर ती राहणार नाही. व्यवहारी कारणही आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. आजची ऐंशीच्या दशकातली एमएम ५४० ही लवकरच त्या वयाला पोचेल. बोल्टने बसवलेला एसी तेव्हा उतरवता येईल. कापलेला पत्रा परत येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल मान्य नाहीत असं स्पष्ट केलं. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विम्याच्या कंपनीला लेखी कळवा.

गाडीतला गारवा म्हणजे चैन, ही समजूतही आता मागे पडते आहे. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला. तापलेल्या केबिनमध्ये बारा तास बसलेला चालक थकतो, आणि थकलेला चालक सगळ्यांनाच धोक्याचा, हे त्यामागचं साधं कारण आहे. सुरगाण्याच्या घाटात माणसं भरून जुनी कमांडर चालवणाऱ्यालाही तेच लागू पडतं. ही पुस्तिका हौशी माणसाइतकीच त्याच्यासाठी आहे. किंमत कमी ठेवण्याच्या युक्त्या जिथे सुरक्षिततेला बाध आणत नाहीत तिथे सगळ्या दिल्या आहेत.

प्रकरणांचा क्रम कामाच्या क्रमाने लावला आहे, म्हणून मधूनच वाचू नका. मापं जिथे दिली आहेत तिथे स्वतःच्या गाडीवर पुन्हा घ्या. एकाच वर्षाच्या दोन जीपांत ब्रॅकेटची जागा बोटभर इकडे-तिकडे सापडते. ज्या फिटरांनी आणि लेथवाल्यांनी आपल्या दुकानात तासन्‌तास उभं राहू दिलं, मोडलेले भाग दाखवले आणि का मोडले ते समजावून सांगितलं, त्यांचं ऋण या प्रत्येक पानावर आहे. आणि एक सूचना, जी प्रकरणांत कुठे बसली नाही : हे काम डिसेंबर-जानेवारीत काढा. एसीची दुकानं तेव्हा रिकामी असतात, फिटरला व्हॅक्युमच्या काट्याकडे पाहत बसायला वेळ असतो, आणि एप्रिल उजाडेपर्यंत ब्रॅकेट दोनदा घट्ट करून घेण्याएवढे किलोमीटर गाडीचे झालेले असतात.